शिलोद्यान : पर्वत अंगणात आणण्याचा खटाटोप

'रॉक गार्डन' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना चंदीगड आठवते. नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे व टाकाऊ सामान यांतून उभी केलेली ती अद्भुत सृष्टी १९७६ साली लोकांसाठी खुली झाली, आणि तेव्हापासून त्या शब्दाचा अर्थ आपल्या देशात जणू कायमचा ठरून गेला. परंतु ज्या बागेला युरोपात प्रथम हे नाव मिळाले ती बाग निराळी. तिच्यातले दगड पाहण्यासाठी नसतात. ते मुळांसाठी असतात. उंच पर्वतांवर, झाडे उगवायची थांबतात त्याच्याही वर, खडकाला बिलगून चटईसारख्या पसरणाऱ्या इवल्या वनस्पतींना सखल प्रदेशात जगविण्यासाठी केलेली ती योजना आहे. मराठीत तिला 'शिलोद्यान' म्हणावे असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात या शिलोद्यानाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

विषय आमच्या परिसराला दूरचा आहे हे आम्ही जाणतो. बडोद्याच्या उन्हात अशी बाग होत नाही. मग हा विषय का घेतला, याचे कारण आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

१९८८ साली, राज्य शासनाच्या सेवेत नुकतेच कायम झालो असताना, आम्ही प्रवास-सवलतीचा लाभ घेऊन सहकुटुंब मनालीस गेलो होतो. रोहतांग खिंडीपाशी, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, एका खडकाच्या बेचक्यात तळहाताएवढी गुलाबी फुलांची चटई दिसली. पाने तिळाएवढी, फुले मात्र इतकी दाट की पान दिसू नये. आम्ही ती खिशातल्या कानसपेटीने खरवडून काढली, रुमाल ओला करून त्यात गुंडाळली आणि बडोद्यास आणली. उत्तम शेणखत घातलेल्या कुंडीत लावली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. नवव्या दिवशी ती काळी पडली. बोट लावताच मधला भाग गळून आला. आमची आजी तेव्हा हयात होती. ती एवढेच म्हणाली, "अरे, उपाशी राहायची सवय असलेल्याला पंगतीत बसवलंस."

ते बोल पुष्कळ दिवस मनात राहिले. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा या वनस्पतींविषयी मिळेल ते वाचू लागलो. आणि ध्यानात आले की आमच्या हातून नऊ दिवसांत जी चूक घडली तीच चूक युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनी व धनिकांनी तीनशे वर्षे केली होती.

उशी आणि चटई

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या वनस्पतींची राहणी समजून घेतली पाहिजे. पर्वत चढत गेले की एका उंचीनंतर झाडे संपतात. त्या सीमेस वृक्षरेषा म्हणतात. आल्प्समध्ये ती साधारण दोन हजार मीटरच्या आसपास, तर पश्चिम हिमालयात साडेतीन हजारांच्या आसपास येते. तिच्यावर वारा इतका बोचरा, उन्हाळा इतका आखूड आणि माती इतकी थोडी असते की उंच वाढणे म्हणजे मरणाला निमंत्रण. म्हणून तेथील कित्येक वनस्पतींनी उंचीचा नादच सोडला आहे. त्यांच्या फांद्या आखूड होऊन एकमेकींना खेटतात आणि झुडपाची उशी बनते, किंवा खोडे जमिनीलगत सरपटत जाऊन चटई होते.

या उशीचे गणित मोठे विलक्षण आहे. वारा तिच्यावरून निसटून जातो, आत शिरत नाही. त्यामुळे सूर्य असेल तेव्हा उशीच्या पोटातले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक राहते. जुनी पाने गळून दूर उडत नाहीत. ती आतच कुजून त्यांचे खत होते. म्हणजे ही वनस्पती आपली माती आपणच तयार करते. मुळे मात्र फटीतून खोल जातात, कारण खडकाखालचा गारवा व ओल तेथेच टिकते. वर ऊन, खाली गारवा, आणि गळ्याशी कोरडे खडे, अशी तिची तिहेरी मागणी असते. वाढ अत्यंत मंद. 'सायलेनी अकॉलिस' या गुलाबी फुलांच्या उशीचे वय शंभर वर्षांच्याही पुढे जाते. आम्ही रुमालात गुंडाळलेला तो तळहाताएवढा तुकडा आमच्याहून वयाने मोठा असण्याची शक्यता होती, हे पुढे वाचनात आले तेव्हा मन खजील झाले.

हिवाळ्यात या वनस्पतींवर बर्फ पडते. आपल्याला वाटते बर्फाने त्या गारठत असतील; प्रत्यक्षात बर्फ हे त्यांचे पांघरूण आहे. त्याच्याखाली तापमान गोठणबिंदूच्या आसपास स्थिर राहते, वारा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी लागत नाही. सखल प्रदेशात थंडी कमी असते, पण हिवाळी पाऊस असतो. आणि त्या ओलीने उशी गळ्याशी कुजते. थंडीने मरत नाही ती वनस्पती ओलीने मरते. आणि आमच्याकडे तर ओलीच्या जोडीला रात्रीचा उकाडा असतो. गार रात्रीत विसावणाऱ्या वनस्पतीची सारी साठवण त्यात खर्च होऊन जाते.

या मंडळींत 'सॅक्सिफ्रागा' नावाची एक मोठी प्रजाती आहे. लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थ 'दगड फोडणारी'. आपल्या वाचकांना येथे पाषाणभेद आठवल्यावाचून राहणार नाही. आयुर्वेदात मूतखड्यावर वापरला जाणारा पाषाणभेद म्हणजे बहुधा हिमालयातील 'बर्जेनिया'. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बर्जेनियाला सॅक्सिफ्रागाच्याच कुळात घालतात. युरोपातही सॅक्सिफ्रागा मूतखड्यावर देत असत. खडकाच्या फटीत रुजणारी वनस्पती पोटातला खडाही फोडील, हा तर्क दोन दूरच्या संस्कृतींनी स्वतंत्रपणे केला असावा आणि तोही एकाच कुळातील वनस्पतींविषयी, हे आम्हांस मोठे नवल वाटते.

खटाटोपाचा आरंभ

युरोपात पूर्वी उंच पर्वत हे भीतीचे स्थान होते. १५५५ साली कॉनराड गेस्नर या झुरिकच्या विद्वानाने पिलाटस पर्वतावर केलेल्या आरोहणाचे वर्णन प्रसिद्ध केले. पर्वताकडे आनंदाने व अभ्यासाने पाहणाऱ्या आरंभीच्या लेखनात ते मोडते. त्यानंतर १५७३ साली कॅरोलस क्लुसियस हा वनस्पतिज्ञ सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्या बोलावण्यावरून व्हिएन्नास आला. त्याने ऑस्ट्रियातील पर्वत पालथे घातले, १५८३ साली तेथील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पर्वतावरची रोपे आणून व्हिएन्नाच्या बागेत लावून पाहिली. पर्वतवनस्पती बागेत वाढविण्याचा नोंदलेला आद्य प्रयत्न तो हाच. त्यातली पुष्कळ रोपे मेली. जी थोडी तगली त्यांत ऑरिक्युला नावाची प्रिम्युला पुढे युरोपभर लाडकी झाली. क्लुसियसने चांगली बाग, चांगली माती व चांगली निगा दिली होती. आमच्या आजीच्या शब्दांत सांगावयाचे तर त्याने त्यांना पंगतीत बसविले होते.

पुढे दोनशे वर्षांनी लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेत १७७३ साली दगडांचा एक ढीग रचण्यात आला. लंडनच्या टॉवर किल्ल्यातून निघालेले चाळीस टन जुने दगड, गारगोट्या, खडू आणि जोसेफ बँक्स यांनी १७७२ च्या आइसलँड प्रवासातून आणलेला ज्वालामुखीचा लाव्हा असे त्याचे साहित्य. हा ढीग आजही उभा आहे आणि युरोपातील जुन्यातले जुने शिलोद्यान म्हणून दाखविला जातो. परंतु त्यातही भर कुतूहलावर होता. मुळाला काय हवे हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात तर हौसेला ऊत आला. चेस्टरजवळच्या हूल हाउस येथे लेडी ब्रॉटन यांनी सॅव्हॉयच्या हिमशिखरांची प्रतिकृती आपल्या हिरवळीभोवती उभारली. बर्फाचा आभास व्हावा म्हणून वर पांढरा दगड बसविला. १८७१ साली एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात जेम्स मॅक्नॅब यांनी पाच हजारांहून अधिक चौकोनी कप्प्यांचे शिलोद्यान रचले. प्रत्येक कप्प्यात एकेक वनस्पती. कचेरीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला ही कल्पना मोह पाडणारी आहे हे नाकारीत नाही. परंतु कप्पे केले म्हणजे कारभार चालतो असे नाही, हेही अनुभवाने ठाऊक आहे.

कर्नर आणि रॉबिन्सन

खरे वळण दिले ते आंटोन कर्नर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने. इन्सब्रुक येथे प्राध्यापक असताना त्याने १८६४ साली अल्पाइन वनस्पतींच्या लागवडीवर एक पुस्तक लिहिले. पर्वतावर जाऊन त्याने फूल पाहिले नाही, फुलाची जागा पाहिली. माती किती, खडे केवढे, पाणी कोठून येते व कोठे जाते, ऊन किती तास पडते याच्या त्याने नोंदी केल्या. पुढे त्याने उंच डोंगरावरही प्रयोगासाठी वाफे केले. सखल प्रदेशातले बी वर आणि वरचे बी खाली पेरून वनस्पतीच्या अंगी स्वभावतः काय आहे व जागेमुळे काय घडते याचा तो शोध घेत होता. त्याच्या अभ्यासाचे सार एका वाक्यात सांगता येईल : पर्वताचे रूप आणावयाचे नसून पर्वताची स्थिती आणावयाची आहे.

इंग्लंडमध्ये हाच विचार विल्यम रॉबिन्सन यांनी लोकांपर्यंत नेला. १८७० साली त्यांनी इंग्रजी बागांतील अल्पाइन फुलांवर पुस्तक लिहिले आणि ठासून सांगितले की या वनस्पतींना दगडांचे मनोरे नकोत, खोल व निचऱ्याची जागा हवी. त्यांनी 'द गार्डन' हे नियतकालिकही काढले.

येथे आम्हा बडोदेकरांचा एक धागा या कथेत येऊन मिळतो. 'द गार्डन'च्या संपादनात रॉबिन्सन यांचे साहाय्यक असलेले विल्यम गोल्डरिंग पुढे उद्यानरचनाकार म्हणून प्रसिद्धीस आले, आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीची बाग त्यांनीच आखली. क्यू येथे काम केलेले क्रुम्बिगेल हेही १८९३ साली हिंदुस्थानात आले व बडोदे संस्थानच्या उद्यानांचे काम पाहून पुढे १९०८ साली बंगळूरच्या लालबागेत गेले. या जाणत्या मंडळींनी बडोद्यात अल्पाइन वनस्पतींचा हट्ट धरला नाही. येथे जे तगेल तेच लावले. रॉबिन्सन यांच्या शिकवणीचा खरा अर्थ तोच होता असे आम्ही समजतो.

क्यू येथील शिलोद्यान १८८२ सालचे. जॉर्ज जोड या हौशी गृहस्थाने मृत्युपत्राद्वारे आपला सुमारे अडीच हजार पर्वतवनस्पतींचा संग्रह त्या उद्यानास दिला, आणि तो ठेवावा कोठे या विवंचनेतून ते उभे राहिले.

फॅरर आणि मॅटरहॉर्न

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय पुरुष म्हणजे रेजिनाल्ड फॅरर. जन्म १८८०. यॉर्कशरमधील इंगलबरो पर्वताच्या पायथ्याशी क्लॅफम गावी त्याचे घर होते. चुनखडीच्या त्या प्रदेशात लहानपणापासून त्याने खडकफटीतल्या वनस्पती पाहिल्या होत्या. १९०७ साली 'माय रॉक गार्डन' हे त्याचे पुस्तक आले आणि बागेवरील लेखनाचा सूरच बदलला. चेंडूएवढे दगड ढिगाऱ्यावर उभे खोचून केलेल्या बागांना त्याने बदामाचे तुकडे टोचलेल्या पक्वान्नाची उपमा देऊन त्यांची रेवडी उडविली. त्याचे म्हणणे असे की दगड दोन-तृतीयांश जमिनीत गाडलेला असावा, त्याचे थर नैसर्गिक खडकाप्रमाणे एकाच दिशेने झुकावेत आणि दगडाची दिसणारी बाजू ही न दिसणाऱ्या बाजूची केवळ खूण असावी.

त्याने लोकप्रिय केलेली दुसरी गोष्ट म्हणजे 'मोरेन' वाफा. हिमनदी वाहताना आपल्यासोबत जी खडी ओढून आणते त्या राशीस मोरेन म्हणतात. फॅररने तळाशी निचऱ्याचे मोठे दगड, वर हातभर खडी आणि त्यात जेमतेम चव लागावी इतकीच माती, असा वाफा करण्यास सांगितले. त्यात खालून पाणी वाहते ठेवले तर मुळे गार राहतात आणि गळा कोरडा राहतो. ज्या वनस्पती सुपीक मातीत महिनाभरात मरत त्या या खडीत वर्षानुवर्षे तगू लागल्या. आजीचे बोल आणि फॅररचा वाफा एकच गोष्ट सांगत होते.

फॅररचा राग होता तो श्रीमंती प्रदर्शनावर. हेन्लीजवळ फ्रायर पार्क येथे सर फ्रँक क्रिस्प या वकिलाने सुमारे सात हजार टन दगड आणून आल्प्सचा देखावा उभारला होता. त्यात मॅटरहॉर्न शिखराची लहानशी प्रतिकृती आणि धातूचे रानबोकडही होते. १९१४ साली ई. ए. बोल्स यांच्या बागविषयक पुस्तकास लिहिलेल्या प्रस्तावनेत फॅररने अशा बागांची नाव न घेता खिल्ली उडविली. क्रिस्प यांना ती बोचली व त्यांनी प्रत्युत्तरादाखल पत्रक काढले. फुलांच्या निमित्ताने सभ्य इंग्रज गृहस्थांत केवढी वादावादी झाली याची ही मौज. हेच फ्रायर पार्क पुढे १९७० साली बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांनी विकत घेतले आणि पडीक झालेली ती बाग पुन्हा उभी केली.

फॅरर स्वतः १९१४ ते १९१५ या काळात चीनच्या कान्सू प्रांतात व १९१९ पासून उत्तर ब्रह्मदेशात बियांच्या शोधात हिंडला. 'द इंग्लिश रॉक गार्डन' हा त्याचा मोठा ग्रंथ १९१९ साली निघाला. आणि १७ ऑक्टोबर १९२० रोजी ब्रह्मदेशच्या डोंगरात, पावसात, एकट्यानेच त्याने देह ठेवला. वय अवघे चाळीस.

ओरबाडण्याची बाजू

येथवर वाचून वाचकास हा हौसेचा व ज्ञानाचा निर्मळ इतिहास वाटला असेल. त्यास दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

बागा वाढल्या तशी मागणी वाढली, आणि मागणी पुरविली ती पर्वत खरवडून. एडलवाइस हे आल्प्सचे मानचिन्ह. त्याच्या तोडीला आळा घालण्यासाठी स्वित्झर्लंडच्या ओबवाल्डन प्रांताने १८७८ सालीच नियम केला. जिनिव्हाच्या हेन्री करव्हॉन या रोपवाटिकाचालकास ही लूट पाहवली नाही. त्याने १८८३ साली वनस्पती-रक्षणासाठी संस्था काढली आणि नुसता निषेध करून न थांबता बियांपासून पर्वतवनस्पती वाढवून दाखविल्या. त्याचा युक्तिवाद साधा होता. पर्वतावरून उपटलेले प्रौढ रोप बहुधा मरते, कारण त्याची खोल मुळे तुटतात आणि त्याची सवय मोडत नाही. बियांतून तुमच्या अंगणात उगवलेले रोप लहानपणापासून तुमच्याच हवेला रुळते. बी घेतल्याने पर्वताचे काही उणे होत नाही, रोप घेतल्याने होते. १८८९ साली वॅले प्रांतात बूर-सेंट-पिएर येथे त्याच्या प्रेरणेने 'लिनिया' नावाची अल्पाइन बाग झाली.

फुलांइतकीच दगडांचीही लूट झाली. पाण्याने झिजून सुबक झालेले चुनखडीचे दगड फॅररच्या लेखनामुळे फॅशनीत आले. ते दगड येत उत्तर इंग्लंडमधील चुनखडीच्या नैसर्गिक फरसबंदीवरून. हिमयुगाने घासून उघड्या पाडलेल्या या फरसांच्या फटींत दुर्मीळ नेचे व रानफुले वाढतात. बागवाल्यांसाठी त्या फरसा उचलून नेल्या गेल्या, आणि एकदा उचललेली फरस पुन्हा होत नाही. अखेर १९८१ च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्यात या फरसांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले. ज्या प्रदेशावर फॅररने जीव लावला त्यालाच त्याच्या शब्दांची किंमत मोजावी लागली. लेखणी हाती धरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

यावर उपायही हौशी लोकांनीच शोधले. क्लॅरेन्स एलियट या रोपवाटिकाचालकाने शेतावरच्या जुन्या दगडी डोण्यांत, म्हणजे गुरांना पाणी पाजण्याच्या पात्रांत, इवली शिलोद्याने करून दाखविली. डोणीला तळाशी भोक, वर खापऱ्या, मग खडी व वाळू मिसळलेली माती, आणि रोपाच्या गळ्याभोवती बारीक खडी. बस्स, एवढ्यात दहा-बारा जाती सुखाने नांदतात. जुन्या डोण्या दुर्मीळ झाल्यावर सिमेंट, वाळू व कुजकट शेवाळमाती यांच्या मिश्रणातून तशी पात्रे घडविण्यात येऊ लागली. १९२९ साली इंग्लंडात 'अल्पाइन गार्डन सोसायटी' स्थापन झाली, १९३३ साली स्कॉटलंडमध्ये तशीच मंडळी एकत्र आली. सभासदांनी आपल्या बागेतील बी जमा करावे व दरवर्षी ते एकमेकांत वाटून घ्यावे, ही या संस्थांची मोठी कामगिरी. मागाहून चेक बागकामगारांनी सपाट दगड उभे, एकमेकांना जवळजवळ खेटून लावण्याची रीत रूढ केली. त्या अरुंद फटींत मुळे खोल उतरतात आणि दगडही थोडा लागतो.

हिमालयाचा वाटा

या चटयांमध्ये हिमालयाचा वाटा मोठा आहे. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जॉन फोर्ब्स रॉइल यांनी १८२३ नंतरच्या दशकात हिमालयातील वनस्पतींचा मोठा संग्रह केला व पुढे त्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांना हे ऐकून समाधान वाटेल की ती बाग मूळची रोहिल्यांची. तिच्या खर्चासाठी जाबिताखानाने सात गावांचे उत्पन्न लावून दिले होते, आणि तो मुलूख मराठ्यांच्या हाती आल्यावर त्यांनीही बागेचे उत्पन्न चालू ठेवले. गुलाम कादिराचे पारिपत्य करणाऱ्या महादजींच्या काळातील ही गोष्ट. तलवारीच्या धामधुमीतही कोणीतरी बागेच्या सनदेवर शिक्कामोर्तब केले, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला विशेष भावते.

हिमालयातून गेलेल्या चटयांत 'अँड्रोसेस लॅनुजिनोसा'ची लोकरी पाने व फिकट जांभळी फुले, आणि गुलाबी तुऱ्यांची 'बिस्टोर्टा अफिनिस' या विलायती बागांत आज घरच्याच झाल्या आहेत. एव्हरेस्टच्या १९२१ च्या मोहिमेतील डॉक्टर व निसर्गज्ञ वॉलस्टन यांनी तर सहा हजार मीटरच्याही वर 'अरेनारिया'ची उशी पाहिली.

१९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ व त्यांचे सोबती गढवालच्या भ्यूंदार खोऱ्यात उतरले. १९३७ साली स्माइथ पुन्हा तेथे गेले, बी व कंद गोळा केले आणि १९३८ च्या पुस्तकाने ती 'फुलांची घाटी' जगप्रसिद्ध झाली. ते वाचून जोन मार्गारेट लेग ही पन्नाशी ओलांडलेली इंग्रज स्त्री तेथे वनस्पती गोळा करण्यास आली आणि ४ जुलै १९३९ रोजी उतारावरून पडून मरण पावली. तिची समाधी त्या खोऱ्यातच आहे.

ही घाटी १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाली व २००५ साली जागतिक वारसा यादीत गेली. चराईबंदीनंतर तेथे 'अमेला' नावाची उंच वाढणारी वनस्पती फोफावली आणि बुटक्या फुलांवर सावली धरू लागली, असे काही अभ्यासक म्हणतात. व्यवस्थापनास ती मोहिमा काढून उपटावी लागली. गंमत अशी की हीच वनस्पती शोभेसाठी इंग्लंडात नेली गेली आणि तेथेही बागेबाहेर पडून तण होऊन बसली. तिची सख्खी भाऊबंद बिस्टोर्टा आपल्या चटईच्या मर्यादेत राहिली. ही मात्र मिळेल तेथे हातपाय पसरीत गेली. एकाच कुळातली माणसेही परमुलखात अशीच दोन तऱ्हांनी वागतात.

आता तर पर्वतच बदलत आहेत. युरोपातील ३०२ शिखरांवरच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की उष्मा वाढत असल्याने खालच्या वनस्पती अधिकाधिक वेगाने शिखरांकडे चढत आहेत. शिखरावरच्या चटईला मात्र वर जाण्यास जागा नाही. अशा वेळी हौशी लोकांनी अंगणात जपलेले बी व मिळविलेले ज्ञान उद्या उपयोगी पडेल. परंतु अंगण पर्वताची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

उखळ

आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरही खडकावर चार बोटे माती आणि तिच्यावर फुलांचा गालिचा असा प्रकार आहे. कास पठार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पश्चिम घाटासह २०१२ साली तेही जागतिक वारशात गेले. तेथील बहुतेक फुले पावसाळ्यापुरती, बियांतून उगवून बियांत मिटणारी; आल्प्सच्या उशा मात्र शतकभर जगणाऱ्या. तरी थोडक्यात संसार करण्याची रीत दोहोंची एकच. आणि गालिचा तुडवू नये, मुळासकट उपटू नये, ही शिस्तही दोहोंना लागू.

आमचे पणजोबा वाईकडून बडोद्यास आले तेव्हा बैलगाडीत एक दगडी उखळ होते. घरात मिक्सर आल्यावर ते परसात पालथे पडले. गेल्या वर्षी आम्ही त्याच्या तळाशी भोक पाडून घेतले. खापऱ्या, खडी, वाळू आणि थोडी माती घातली आणि शेजाऱ्यांकडून मिळालेले चिनी गुलाबाचे बी टाकले. त्याला ऊन चालते, उपासमार चालते, पाणी साचलेले तेवढे चालत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात उखळाच्या काठावरून ती चटई खाली उतरू लागली. नातू विचारीत होता, खत कधी घालायचे. त्याला आजीचे बोल सांगितले.

रोहतांगच्या खडकातली ती बेचकी मात्र आम्ही रिकामी केली ती केलीच. सदतीस वर्षांत तेथे दुसरी चटई धरली असेल तर ती अजून फार तर रुपयाएवढी असेल.